पिऊ देणे, प्यावयास देणे, पाजणे : विवाहसमारंभातील मद्य आणि यजमानाचे दायित्व

१

विवाहसमारंभात पाहुण्यांपुढे मद्य ठेवण्याची चाल ज्या समाजांत रूढ आहे, तेथे यजमानाला एका व्यावहारिक प्रश्नास तोंड द्यावे लागते. समारंभगृहाच्या चालकाकडून मद्य घेतल्यास ते पेल्यामागे मोजले जाते आणि महाग पडते. तेच दुकानातून बाटल्यांच्या भावाने आणले तर खर्च पुष्कळच कमी होतो. मग मद्य आपणच आणून आपणच का देऊ नये? अमेरिकेत हा प्रश्न घरोघर विचारला जातो. तेथील न्यू जर्सी राज्यात मराठी भाषकांची मोठी वस्ती असल्याने तो आता मराठी घरांतही विचारला जातो.

वरवर पाहता प्रश्न खर्चाचा आहे, परंतु त्याच्या पोटात दायित्वाचा दुसरा प्रश्न दडलेला आहे. समारंभातून निघालेल्या पाहुण्याने मद्याच्या अमलाखाली मोटार चालविली आणि वाटेत एखाद्या तिऱ्हाइताला जायबंदी केले, तर त्या तिऱ्हाइताची भरपाई कोणी करावयाची? पिणाऱ्याने तर करावयाचीच. पण देणाऱ्यानेही करावयाची काय?

प्रस्तुत लेख कायदेपंडिताने लिहिलेला नाही. भाषेच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळण्याचे कारण असे की, गेल्या शंभराहून अधिक वर्षांतील न्यायालयीन वाद पाहिला असता तो बव्हंशी एका क्रियापदाभोवती फिरत असल्याचे दिसते. मद्य 'देणे' म्हणजे काय आणि त्या देण्याचा कर्ता कोण, हाच त्या वादाचा गाभा आहे. ही गाठ उकलली म्हणजे समारंभाची व्यवस्था कशी लावावी हेही बरेचसे स्पष्ट होते.

२

प्रथम मराठीची साधने पाहू. इंग्रजीत एकाच क्रियापदाखाली झाकल्या जाणाऱ्या अनेक छटा मराठीने वेगळ्या ठेवल्या आहेत. पाहुण्याने स्वतःची बाटली आणली आणि आपण हरकत घेतली नाही, तर आपण त्याला 'पिऊ दिले'. आपण मेजावर पेला ठेवला आणि त्याने तो उचलला, तर आपण त्याला 'प्यावयास दिले'. त्याच्या हातात पेल्यामागून पेला देत गेलो, तर आपण त्याला 'पाजले'. आणि हे काम पगारी माणसाकडून करविले, तर आपण 'पाजविले'.

या चार रूपांत पिणाऱ्याचे स्वातंत्र्य क्रमाने कमी होत जाते आणि देणाऱ्याचा हात क्रमाने पुढे सरकतो. मूल आणि जनावर यांना आपण 'पाजतो', कारण पिण्याचा निर्णय तेथे आपला असतो. 'त्याने मला दारू पाजली' या वाक्यात तक्रारीचा सूर आपोआप येतो, तसा तो 'प्यावयास दिली' यात येत नाही. चौथ्या रूपात मात्र एक गुंतागुंत आहे. पाजणारा हात दुसऱ्याचा असतो, पण इच्छा आणि पैसा आपला असतो. तेथे कर्ता कोण मानावा?

दायित्वाच्या शब्दांतही असाच भेद आहे. या अर्थाचा इंग्रजी कायद्यातील शब्द फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी 'बांधणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. मराठीतील 'बांधील' हा त्याचा नेमका सोयरा होय. 'जबाबदार' आणि 'उत्तरदायी' हे शब्द निराळे आहेत. त्यांत उत्तर देण्याची कल्पना आहे. पाहुणा आपल्या दारातून झोकांड्या खात गेला, तर यजमान उत्तरदायी आहे, हे बहुतेक कोणीही मान्य करील. परंतु तो भरपाईस बांधील आहे काय, हा वेगळा प्रश्न आहे. निरनिराळ्या राज्यांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

३

इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या जुन्या न्यायपरंपरेचे मत असे होते की, इजेचे कारण पिणे हे आहे, देणे हे नव्हे. धडधाकट प्रौढ मनुष्य स्वतःच्या इच्छेने पितो. त्या इच्छेने देणारा आणि इजा यांमधील साखळी तुटते. एकोणिसाव्या शतकात मद्यपाननिषेधाची चळवळ वाढली, तेव्हा अनेक राज्यांनी कायदे करून ही साखळी पुन्हा जोडली; पण ती गुत्तेवाल्यापुरती. या कायद्यांना तेथे 'ड्रॅम शॉप'चे कायदे म्हणतात.

'ड्रॅम' हे घोटभर मद्याचे माप. हा शब्द ग्रीक 'द्राख्मे' या नाणे व वजन या दोहोंच्या नावापासून आला. तोच ग्रीक शब्द आपल्याकडे 'द्रम्म' या रूपाने आला, कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत आढळतो, आणि पुढे 'दाम' होऊन मराठीत स्थिरावला. एका शब्दाच्या एका शाखेने दारूचे माप दिले आणि दुसरीने पैशाचे नाव. तेथील कायद्याने प्रारंभी नेमका हाच संबंध जोडला होता: जो दाम घेऊन ड्रॅम देतो, तोच बांधील.

इलिनॉय राज्याच्या कायद्यात मात्र 'विकणे' याच्या जोडीला 'देणे' हाही शब्द होता. त्यामुळे १८८९ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 'क्रूझ विरुद्ध एडन' हा खटला आला. एका गृहस्थाने आपल्या स्नेह्याला मद्य दिले होते. तो स्नेही परतताना घोड्यावरून पडून मरण पावला, आणि त्याच्या विधवेने देणाऱ्यावर दावा लावला. न्यायालयाने निर्णय दिला की, 'देणे' हा शब्द धंद्याच्या संदर्भात वाचावयाचा आहे. स्नेह्याने सौजन्याने दिलेला पेला त्यात येत नाही. शब्दाचा अर्थ शब्दकोशाने ठरत नसून संदर्भाने ठरतो, या भाषाशास्त्रीय तत्त्वाचे हे उत्तम उदाहरण होय. इलिनॉयने हेच धोरण १९९५ साली 'चार्ल्स विरुद्ध साइगफ्रीड' या खटल्यात कायम ठेवले.

४

या परंपरेला सर्वांत मोठा धक्का न्यू जर्सीने दिला. 'केली विरुद्ध ग्विनेल' या १९८४ सालच्या खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. एक गृहस्थ आपल्या परिचिताला मोटारीतून त्याच्या घरी पोहोचविण्यास गेला. तेथे तो एक-दोन तास बसला व मद्य प्याला. यजमान त्याला मोटारीपर्यंत सोडावयास आला, त्याच्याशी बोलला आणि त्याला जाताना त्याने पाहिले. थोड्याच वेळात त्या मोटारीची दुसरीशी समोरासमोर टक्कर होऊन दुसऱ्या मोटारीतील स्त्री गंभीर जखमी झाली. चालकाच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.२८६ निघाले. दोन-तीन पेले झाले असे यजमानपक्षाचे म्हणणे होते. तज्ज्ञाच्या मते हे प्रमाण सुमारे तेरा पेल्यांचे होते.

सरन्यायाधीश विलेन्ट्झ यांनी बहुमताच्या निकालात असे ठरविले की, पाहुणा दारूच्या अमलाखाली आहे आणि लवकरच मोटार चालविणार आहे हे ठाऊक असूनही जो यजमान त्याला मद्य देत राहतो, तो तिऱ्हाइताच्या इजेस बांधील आहे. मद्यविक्रेत्यावर जे कर्तव्य आहे, ते घरच्या यजमानावर मुळीच नाही असे म्हणण्यास न्यायालयाला कारण दिसले नाही. देणाऱ्याने दाम घेतला की नाही हा प्रश्न गौण ठरला. त्याला काय ठाऊक होते हा प्रश्न मुख्य झाला.

न्यायमूर्ती गॅरिबाल्डी यांनी याविरुद्ध लिहिलेले मत विवाहसमारंभाच्या दृष्टीने तितकेच वाचनीय आहे. गुत्तेवाला पेले मोजून देतो, माणसे पारखण्याची त्याला सवय असते, आणि विम्याचा खर्च तो किमतीत मिळवितो. घरच्या यजमानाजवळ यांतील काहीही नसते. पाहुणे पुष्कळदा स्वतःच ओतून घेतात, आणि यजमानाचे लक्ष दहा ठिकाणी विभागलेले असते. यजमानावर भार टाकावयाचाच असेल, तर तो विधिमंडळाने मर्यादा आखून टाकावा, असा त्यांचा आशय होता. घरच्या बैठकीविषयी हे खरे असेल, तर शेदोनशे माणसांच्या लग्नाविषयी ते किती पटींनी खरे ठरेल हे सांगावयास नको.

५

तीन वर्षांनी, १९८७ साली, न्यू जर्सीच्या विधिमंडळाने अशी मर्यादा आखली. आजही याच कायद्याच्या चौकटीत यजमानाचे दायित्व ठरते. त्याची मुख्य अंगे तीन आहेत. पहिले असे की, पाहुणा यजमानाच्या समक्ष 'दिसण्याजोगा' धुंद झालेला असला पाहिजे आणि तरीही यजमानाने जाणूनबुजून, अथवा परिणामांची बेपर्वाई दाखवून, त्याला मद्य दिलेले असले पाहिजे. दुसरे असे की, त्यातून धोका उद्भवेल हे कळण्याजोगे असूनही तो टाळण्याची वाजवी काळजी यजमानाने घेतलेली नसली पाहिजे. तिसरे असे की, इजा त्या धुंद माणसाने हयगयीने वाहन चालविल्यामुळे झालेली असली पाहिजे. कायद्याने प्रौढ असलेल्या पाहुण्याला स्वतःच्या धुंदीमुळे स्वतःलाच इजा झाली, तर तो यजमानाकडे भरपाई मागू शकत नाही.

येथे भार 'देणे' या क्रियापदावरून 'दिसणे' या क्रियापदावर सरकला, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. धुंदीची खूण म्हणून बोलण्याचालण्यातील काही प्रत्यक्ष लक्षण दिसावे लागते. परंतु दिसणे हे पाहणाऱ्यावर अवलंबून असते, आणि पाहणारा स्वतः समारंभात गुंतलेला असतो. म्हणून कायद्याने आकड्यांचा आधार घेतला. चालकाच्या रक्तातील प्रमाण शेकडा ०.१० पेक्षा कमी निघाले, तर तो यजमानासमक्ष दिसण्याजोगा धुंद नव्हता असे कायदा गृहीत धरतो, आणि याविरुद्ध पुरावा ऐकत नाही. प्रमाण ०.१० ते ०.१५ यांच्या दरम्यान असले, तर गृहीत तेच, पण ते पुराव्याने खोडता येते. त्यापुढे यजमानाला गृहीताचा आधार नाही.

हे आकडे मोटार चालविण्याच्या मर्यादेशी ताडून पाहावेत. न्यू जर्सीत ती ०.०८ आहे. म्हणजे ०.०९ प्रमाण असलेला पाहुणा चालक म्हणून गुन्हेगार ठरतो, पण त्याला मद्य देणारा यजमान मात्र बांधील ठरत नाही. पूर्वी सांगितलेला 'उत्तरदायी' आणि 'बांधील' यांमधील भेद या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात स्पष्टपणे आखलेला आहे.

मात्र ह्या कायद्याचे छत्र कायद्याने प्रौढ असलेल्या पाहुण्यांपुरतेच आहे. अमेरिकेत ते वय २१ आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या भाच्यापुतण्यांच्या हाती पेला गेला, तर यजमान ह्या संरक्षणाबाहेर पडतो. शिवाय, सामान्यतः तो दंडनीय गुन्हाही ठरतो.

६

हे उत्तर सर्वत्र सारखे नाही. कॅलिफोर्नियाने १९७८ साली कायदा करूनच जाहीर केले की, कारण पिणे हे आहे, देणे हे नव्हे. पुढे अल्पवयीनांना मद्य देणाऱ्या प्रौढांपुरता त्याला अपवाद करण्यात आला. मॅसॅच्युसेट्सने 'नियंत्रण' ही कसोटी लावली. तेथील 'अल्विक विरुद्ध डीक्रिस्टोफर' या १९९१ सालच्या निकालानुसार, पाहुण्यांनी आपापले मद्य आणले असेल आणि त्यावर यजमानाचा ताबा नसेल, तर यजमान बांधील नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००६ साली 'चाइल्ड्ज विरुद्ध डेझोर्मो' हा असाच खटला आला. पाहुण्यांनी मद्य स्वतः आणले होते. यजमानांनी मध्यरात्री थोडीशी शॅम्पेन तेवढी दिली होती. न्यायालयाने यजमानांना बांधील धरले नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, येथे 'पिऊ देणे' हे 'पाजणे' नव्हे असे ठरले.

प्रत्यक्ष विवाहसमारंभातून उद्भवलेला खटला म्हणजे वॉशिंग्टन राज्यातील 'रेनॉल्ड्ज विरुद्ध हिक्स'. समारंभात वराचा अल्पवयीन पुतण्या मद्य प्याला, मोटार घेऊन निघाला आणि अपघात झाला. जखमी तिऱ्हाइताने नवदांपत्यावरच दावा लावला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली तो फेटाळला. अल्पवयीनांना मद्य देण्यावरील बंदी ही त्या अल्पवयीनांच्या रक्षणासाठी आहे, रस्त्यावरील तिऱ्हाइतासाठी नव्हे, असे तेथे ठरले. निर्णय दांपत्याच्या बाजूने लागला खरा. परंतु लग्न १९८८ सालचे आणि निर्णय १९९८ सालचा, हे विसरता येत नाही. दावा जिंकणे आणि दाव्यातून वाचणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

७

आता व्यवस्थेकडे वळू.

समारंभाची जागा मद्याचा परवाना असलेली आहे की नाही, हे प्रथम पाहावे. परवाना असलेल्या जागेत बाहेरचे मद्य आणण्यास सहसा मनाई असते, आणि न्यू जर्सीचा यजमानविषयक कायदाही परवाना नसलेल्या जागेपुरता आहे. जागा परवान्याविना असेल, तर मद्य विनामूल्यच दिले पाहिजे. पेल्यामागे पैसे घेणे ही उघड विक्री आहे. प्रवेशाचे तिकीट लावून मद्य 'फुकट' देणे हीही बहुधा विक्रीच मानली जाते. दाम आला की यजमान गुत्तेवाल्याच्या ओळीत जाऊन बसतो, आणि तेही परवान्यावाचून.

दुसरा मुद्दा ओतणाऱ्या हाताचा. मेजावर बाटल्या मांडून ठेवल्या म्हणजे आपण केवळ 'पिऊ देतो' असा समज आहे. तो भरवशाचा नाही. मद्य यजमानाने विकत आणलेले असते, निमंत्रण त्याचे असते, आणि अल्पवयीन मुलांना त्या मेजापासून कोणी अडवीत नाही. उलट, कुशल वाढपी नेमल्यास वय विचारणारा, पेला मोजून भरणारा आणि धुंदी ओळखून नकार देणारा माणूस मिळतो. परंतु हेच 'पाजविणे' होय. नोकराच्या कृत्याचे दायित्व मालकाकडे जाते हे न्यायाचे जुने तत्त्व आहे. म्हणून दिवसापुरता ओळखीचा मुलगा उभा करण्यापेक्षा, प्रशिक्षण व स्वतःचा विमा असलेल्या स्वतंत्र व्यावसायिकाशी करार करणे श्रेयस्कर. 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्याला आहे, आणि वधूवरांच्या काकांनी रदबदली केली तरी तो अबाधित आहे, हे करारात स्पष्ट लिहावे.

तिसरा मुद्दा विम्याचा. अमेरिकेत एका दिवसाच्या समारंभाचा दायित्व-विमा मिळतो. त्यात यजमान या नात्याने दिलेल्या मद्याचा अंतर्भाव आहे काय, हे शब्दशः वाचून घ्यावे. सामान्य व्यापारी विम्यात मद्य बनविण्याचा, विकण्याचा अथवा वाढण्याचा धंदा करणाऱ्यास वगळलेले असते. त्यामुळे वाढप्याचा विमा आणि यजमानाचा विमा एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. समारंभगृहाचे चालकही आपले नाव विमापत्रात घालावयास सांगतात.

चौथा मुद्दा परिमाणाचा. अमेरिकेत एक पेला म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क: शेकडा ५ तीव्रतेची ३५५ मिलिलिटर बिअर, शेकडा १२ तीव्रतेची सुमारे १४८ मिलिलिटर वाइन, अथवा शेकडा ४० तीव्रतेचे ४४ मिलिलिटर कडक मद्य. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत वाइनचे पाच पेले होतात, कडक मद्याचे सुमारे सतरा. शंभर पिणारी माणसे आणि पाच तास धरले, तर तासाला एक या हिशेबाने पाचशे पेले लागतील. यजमानाला ही बेरीज ठाऊक असते. तिची वाटणी ठाऊक नसते. एकाने दोन घेतले आणि दुसऱ्याने नऊ, हे बेरजेवरून कळत नाही. ते केवळ ओतणाऱ्यालाच कळू शकते, आणि म्हणूनच दुसरा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

मद्य शेवटच्या तासात बंद करण्याची रीत चांगली आहे, पण तिच्यावर विसंबू नये. शरीर तासाला सरासरीने शेकडा ०.०१५ एवढेच प्रमाण उतरविते. ज्याचे प्रमाण ०.१२ आहे, त्याला ०.०८ पर्यंत येण्यास दोन तास चाळीस मिनिटे लागतात. कॉफीने तो वेग वाढत नाही. खरा उपाय म्हणजे परतीचे वाहन: निमंत्रणपत्रिकेतच बसची सोय जाहीर करणे, जवळच मुक्कामाची व्यवस्था करणे. उरलेल्या बाटल्या पाहुण्यांच्या हाती देऊ नयेत. उघडी बाटली मोटारीतून नेणे बहुतेक राज्यांत गुन्हा आहे. आणि राज्याराज्यांत कायदा बदलतो, म्हणून त्या राज्यातील वकिलाचा सल्ला समारंभापूर्वी घ्यावा.

८

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला ही सारी विचारसरणी अपरिचित वाटते, याला कारण आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो, मद्याचा प्रश्न मुख्यतः परवान्याचा मानतो. समारंभासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा घालतो आणि चालकाला शिक्षा करतो. म्हणजे आपल्याकडे यजमानाचे नाते सरकारशी जोडलेले आहे. न्यू जर्सीत ते रस्त्यावरील अनोळखी माणसाशी जोडलेले आहे. परवाना खिशात असला की काम संपले, ही इकडची सवय तिकडे धोक्याची ठरते.

तथापि आपल्या भाषेत ह्या विचाराला आधार नाही असे नव्हे. 'यजमान' हा शब्द 'यज्' धातूच्या आत्मनेपदी रूपापासून झाला आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडेच जात असेल तर आत्मनेपद वापरावे, असा पाणिनीचा नियम आहे. यज्ञात आहुती टाकणारा हात ऋत्विजाचा असतो, म्हणून त्याच्याविषयी 'यजति' हे परस्मैपदी रूप येते. ज्याच्या नावाने, ज्याच्या खर्चाने आणि ज्याच्यासाठी यज्ञ होतो, त्याच्याविषयी 'यजते' असे म्हणतात, आणि तोच यजमान. हात दुसऱ्याचा असला तरी फळ त्याचे, ही कल्पना त्या शब्दाच्या प्रत्ययातच आहे. वाढपी नेमावा, विमा काढावा, बस ठेवावी. या उपायांनी यजमानाची बांधिलकी पुष्कळ अंशी हलकी होते. पाहुणा सुखरूप घरी पोहोचला की नाही, याचे उत्तर मात्र निमंत्रणाखाली ज्याचे नाव आहे त्यालाच द्यावे लागते.